१४० रुपयांच्या थाळीचे १ रुपया ४० पैसे: आठ महिने हायपरस्विच शिकवताना

मागच्या महिन्यात परळच्या एका खानावळवाल्या काकूंचा सकाळीच फोन. "मास्तर, काल २३ थाळ्या गेल्या आणि हिशेबात ३२ रुपये २० पैसे दाखवतायत. तुमच्या पोराने काय करून ठेवलंय?" काकूंचं ऑनलाइन पेमेंट बसवणारा पोरगा माझ्या रविवारच्या कोडिंगच्या वर्गातला, पण ऐकून मलाच घ्यावं लागलं.

दादरला एका मंडळाचा हॉल ६०० रुपयांत मिळतो. आठ-दहा पोरं येतात, बहुतेक डोंबिवली-कल्याणची, म्हणजे मेगाब्लॉक असला की चारच. यांना पेमेंट म्हणजे गेटवेचा (गिऱ्हाइकाचे पैसे दुकानदाराकडे पोचवणाऱ्या कंपनीचा) कोड चिकटवून बटण दाखवणं एवढंच ठाऊक. आतलं उघडून दाखवायचं होतं म्हणून हायपरस्विच घेतलं, म्हणजे साइट आणि गेटवे यांच्यामध्ये बसणारं सॉफ्टवेअर. जसपे कंपनीने त्याचा कोड अपाची २.० लायसन्सवर खुला ठेवलाय, फी शून्य. माझा निम्मा निर्णय तिथेच झाला.

डॉकरने (सॉफ्टवेअर तयार डब्यात चालवायचं साधन) उभं करणं सोपं. नकली कनेक्टर (गेटवेशी जोडणारा भाग) आहे, त्यामुळे गेटवेचं खातं नसतानाही ४२४२ वालं टेस्ट कार्ड चालतं. रस्ट भाषेतला त्याचा कोड स्वतः कंपाइल करायला मात्र ८ जीबीच्या लॅपटॉपवर जाऊ नका. एकदा लावून खाली वडापाव खाऊन आलो, तरी पंखा बोंबलतच होता. रॅम विकत घेणार नाही हा हट्ट माझाच, तेव्हा बोलून उपयोग नाही.

तक्रार एकच, पैशांची. खरोखरच्या पैशांची, रुपयाच्या शंभराव्या भागाची. रक्कम पैशांत द्यावी लागते, १४० रुपये म्हणजे १४०००. डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. पण यूपीआय लिंकमध्ये हीच पोरं रुपयांत १४०.०० लिहून सरावलेली. तेच इथे लिहिलं, जावास्क्रिप्टने टिंबापुढची शून्यं गाळून १४० पाठवलं, सर्व्हरने मुकाट घेतलं. टेस्टमध्येही डॅशबोर्डवर १.४० दिसत होतं. हिरवं 'सक्सीडेड' दिसल्यावर आकडा कोण बघतो? आणि त्यांना तरी किती बोलायचं? पावली (२५ पैशांचं नाणं) ३० जून २०११ ला चलनातून गेली तेव्हा ही पहिली-दुसरीत होती.

काकूंचं आधी क्यूआरवर बरं चाललं होतं, कमिशनही नाही. पण गिऱ्हाइकं स्क्रीनशॉट पाठवायची आणि काकू पोळ्या लाटता लाटता खरा कुठला, खोटा कुठला ते बघत बसायच्या. ऑर्डरला पेमेंट आपोआप जुळावं म्हणून हा सगळा उद्योग.

हायपरस्विचचा हा रिव्ह्यू इथवर तीन आठवड्यांपूर्वी रागात लिहिला होता, तीन तारे ठरवून. मग पोराने दुरुस्ती आणली: भाव रुपयांत ठेवायचे, शेवटी १०० ने गुणायचं, टिंबापुढचं कापायचं. म्हटलं, १९.९९ घालून बघ. उत्तर १९९९ यायला हवं, स्क्रीनवर १९९८.९९९९९९९९९९९९८. कापल्यावर १९९८. "सर, एक पैसा कुठे गेला?" अख्खा वर्ग त्याच्या लॅपटॉपवर ओणवा. कॉम्प्युटर दशांश बायनरीत, म्हणजे शून्य-एकमध्ये साठवतो, त्याला १९.९९ नेमकं मांडताच येत नाही. पहिल्यापासून पैशांची पूर्ण संख्या ठेवली की ही भानगडच नाही. शिवाय १०० ने गुणणं सगळीकडे चालतंच असं नाही, येनला दशांश नाहीत, कुवेती दिनाराला तीन आहेत. म्हणजे आठ महिने मी ज्यावर करवादत होतो ते बरोबरच होतं. आता पहिल्या रविवारी हेच घेतो, वेबहुक (पेमेंट झाल्याची सर्व्हरला आपोआप येणारी खबर) नंतर.

एक सांगायचं राहिलं. हायपरस्विच स्वतः पैसे हलवत नाही, खाली गेटवे आणि त्याची केवायसी लागतेच. काकूंच्या गेटवेला (नाव राहू दे) मी त्या दिवशी तावातावाने तीन मेल टाकले, तिन्हींना एकच उत्तर, 'आपली तक्रार नोंदवली आहे'. शेवटी आमचाच लॉग (काय पाठवलं त्याची नोंद) उघडला, त्यात आम्हीच पाठवलेले १४०. चौथा मेल माफीचा होता. त्यालाही तेच उत्तर आलं.

चार तारे. पाचवा पंख्यापायी कापला.

२३ पैकी २१ गिऱ्हाइकांनी उरलेले १३८ रुपये ६० पैसे काकूंना आणून दिले. उरलेल्या दोघांच्या २७७ रुपये २० पैशांपैकी २७७ मी भरलेत, आणि काकू अजून वरचे २० पैसे रोख मागतात.