झोनिंग गावाच्या हाती असावं की राज्याने लगाम घालावा?

तुम्ही न्यू जर्सीत एडिसन, प्लेन्सबरो किंवा वेस्ट विंडसरकडे राहत असाल, तर कधी ना कधी शेजारी विरोधाचा अर्ज घेऊन दारात येईल. मोकळ्या जागेवर फ्लॅटची स्कीम येतेय, राज्याची सक्ती आहे, सही करा. सही करण्याआधी दोन्ही बाजू पाहून घ्या: झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल याचे नियम, गावाने ठरवावेत की राज्याने? माझा कल राज्याच्या बाजूने आहे, हे आधीच सांगते.

महाराष्ट्रात शहराच्या विकास आराखड्याला शेवटची मंजुरी राज्य सरकार देतं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्यातच ती तरतूद आहे. अमेरिकेतही झोनिंगचा अधिकार मुळात राज्याचा, पण राज्यांनी तो गावांकडे सोपवला. १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने झोनिंग वैध ठरवलं. पुढे उपनगरांतली बहुतेक निवासी जमीन ‘एका प्लॉटवर एकच घर’ या नियमाखाली गेली. परिणामी गावच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंना त्याच गावात घर परवडत नाही.

गावाच्या बाजूचं सगळ्यात बळकट उदाहरण मिनियापोलिसचं. २०१८ मध्ये तिथल्या सिटी काउन्सिलने स्वतःहून हा नियम मोडीत काढला, तीन घरांपर्यंत परवानगी दिली, पुढे पार्किंगची सक्तीही काढली. प्यू या संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार २०१७ ते २०२२ मध्ये शहरात भाडं १ टक्का वाढलं, उरलेल्या मिनेसोटात १४ टक्के. या काळातली बहुतेक नवी घरं मोठ्या रस्त्यांलगतच्या इमारतींमध्ये झाली, तीन घरांच्या सवलतीतून फार कमी. तरी गाव स्वतः बदलू शकतं, हे यातून दिसतं. मात्र मिनियापोलिसमध्ये भाडेकरू मतदार मोठ्या संख्येने आहेत. उपनगरात ज्याला घर हवंय तो अजून गावात राहायलाच आलेला नसतो, त्यामुळे त्याचं मत कुठेच मोजलं जात नाही. मला राज्याची बाजू पटते ती मुख्यतः या कारणाने.

राज्याने हात घातला की आपोआप स्वस्त घरं होतात, असंही नाही. कॅलिफोर्नियाचा एसबी ९ हा कायदा २०२२ पासून लागू झाला. एका घराचा प्लॉट दोन भागांत तोडून चार घरांपर्यंत बांधता येतील, असं त्यात होतं. वुडसाइड या श्रीमंत गावाने तर आपली सगळी हद्द पहाडी सिंहाचा (माउंटन लायनचा) अधिवास आहे असं सांगून कायदा टाळायचा प्रयत्न केला. राज्याच्या ॲटर्नी जनरलनी (मुख्य सरकारी वकिलांनी) पत्र पाठवल्यावर गावाने माघार घेतली. पण कायद्याखाली अर्जच थोडे आले, आणि त्यातलं एकही घर परवडणाऱ्या भावात देण्याचं बंधन नव्हतं. २०२४ मध्ये पाच शहरांनी या कायद्याविरुद्ध केलेल्या खटल्यात लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. त्याउलट मागच्या अंगणातल्या छोट्या घरांचे नियम राज्याने २०१६ पासून एकेक करून सैल केले. तेव्हा वर्षाला हजार-दीड हजार परवाने निघत, काही वर्षांत ते वीस हजारांवर गेले. त्यासाठी बिल्डर लागत नाही, घरमालक स्वतः बांधतो. माझ्या मते फरक तिथेच पडला.

न्यू जर्सीचा रस्ता वेगळा आहे. तिथे राज्य गावाला परवडणाऱ्या घरांचा आकडा देतं. याची सुरुवात माउंट लॉरेलमधून झाली. एथेल लॉरेन्स या कृष्णवर्णीय शिक्षिकेचं घराणं कित्येक पिढ्या त्या गावात राहत आलेलं. १९७० च्या सुमाराला तिथल्या कुटुंबांनी ३६ साध्या फ्लॅटची परवानगी मागितली. परवडत नसेल तर गाव सोडा, असं त्यांना महापौरांनी चर्चमध्ये सुनावलं. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रत्येक वाढत्या गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचललाच पाहिजे. १९८३ मध्ये त्याला दात आले: गाव टाळाटाळ करत असेल तर बिल्डर कोर्टात जाऊन झोनिंग बाजूला सारू शकतो, बदल्यात साधारण पाचातलं एक घर परवडणाऱ्या भावात द्यायचं. एवढं होऊनही माउंट लॉरेलमधल्या १४० घरांपैकी पहिली उभी राहिली २००० मध्ये. एथेल लॉरेन्स १९९४ मध्येच गेल्या होत्या.

शेजाऱ्यांची भीती खोटी नाही. एका परवडणाऱ्या घरामागे चार बाजारभावाची येतात, रस्ते तेवढेच राहतात. शाळांचा मोठा खर्च स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो, म्हणून टाउनशिपला (गावाच्या प्रशासनाला) गोदाम म्हणजे उत्पन्न आणि तीन बेडरूमचा फ्लॅट म्हणजे खर्च वाटतो. पण प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी माउंट लॉरेलची तुलना आसपासच्या तशाच गावांशी केली, तेव्हा गुन्हे, घरांच्या किमती, कर यांवर त्या १४० घरांचा परिणाम दिसला नाही. तिथे राहायला आलेल्या कुटुंबांची कमाई मात्र सुधारली.

मार्च २०२४ मध्ये राज्याने नवा कायदा केला. २०२५ ते २०३५ या दहा वर्षांच्या फेरीसाठी प्रत्येक गावाचा आकडा ठरवण्याची रीत त्यात आहे. गावाने वेळेत योजना मंजूर करून घेतली तर बिल्डरच्या दाव्यांपासून त्याला संरक्षण मिळतं, आणि घरं कुठे व्हावीत हे तेव्हा गावच सांगतं. म्हणजे ‘राज्य की गाव’ हा वाद वाटतो तितका टोकाचा राहत नाही.

म्हणून अर्ज हातात आला की शेजाऱ्याला विचारा: आपल्या टाउनशिपने योजना दिली आहे का? दिली असेल तर ती स्कीम गावानेच निवडलेल्या जागेवर आहे का? घरं कुटुंबांसाठी आहेत की फक्त ज्येष्ठांसाठी? शाळेचा खर्च टळावा म्हणून गावं ज्येष्ठांच्या घरांवर भर देतात, त्यामुळे कायद्याने त्यांच्या प्रमाणावर मर्यादा घातली आहे. स्टेशनपासून लांब, नाल्याकाठी, चालत कुठेही जाता येणार नाही अशा कोपऱ्यात घरं ढकलली असतील, तर सही जरूर करा, पण जागा बदलून मागण्यासाठी. घरंच नकोत असा अर्ज असेल, तर मी सही करणार नाही.