ऑगस्टसचा की तिबेरियसचा? पहिला देनारियस घेताना

सुरुवातीच्या रोमन साम्राज्यातला एकच देनारियस, म्हणजे चांदीचं नाणं, घ्यायचा ठरवला की निवड बहुधा दोन नाण्यांवर येऊन थांबते: पहिला सम्राट ऑगस्टस याचा गायस-लुसियस छाप आणि त्याच्यानंतरचा सम्राट तिबेरियस याचा बसलेल्या स्त्रीचा छाप. दोन्ही लुग्दुनमच्या, म्हणजे आजच्या लियोंच्या टांकसाळीतले. सम्राट नीरोने इ.स. ६४च्या सुमारास वजन आणि चांदी घटवली, त्याआधीचे. दक्षिण भारतात, विशेषतः कोइमतूरच्या परिसरात सापडलेल्या रोमन चांदीतही याच दोघांचा भरणा.

तिबेरियस देखणा आहे, हे आधी मान्य करतो. मागे एकच आकृती (ती तिबेरियसची आई लिव्हिया, असं बरेच जण मानतात), एका हातात राजदंड, दुसऱ्यात फांदी. नाणं झिजलं तरी चित्र कळतं.

माझं बिनसलं ते किमतीवरून. 'कैसराचं (म्हणजे रोमन सम्राटाचं) ते कैसराला द्या' असं येशूने ज्या नाण्याकडे पाहून सांगितलं ते हेच, अशी जुनी समजूत आहे आणि लिलावात त्या समजुतीचेही पैसे पडतात. शुभवर्तमानात मात्र तो कैसर कोणता, हे कुठेच सांगितलेलं नाही. वर्षभर बोली लावत होतो. त्याच प्रतीचा ऑगस्टस आवाक्यात असायचा, तिबेरियस दर वेळी हातचा जायचा. अखेर मिळाला, तर ठसा एका बाजूला सरकलेला आणि 'TI CAESAR' (तिबेरियस कैसर) ही अक्षरं चकतीच्या बाहेर. ज्या नावासाठी जास्त मोजले तेच नाण्यावर नाही, हे अजून टोचतं.

गायस-लुसियसची मागची बाजू गजबजलेली असते, त्यामुळे झिजलेलं नाणं वाचायला त्रास होतो, हे खरं. पण त्यात केवढं भरलंय! ऑगस्टसने दत्तक घेतलेले दोन नातू, मध्ये ढाली आणि भाले, वर यज्ञातली पळी आणि शकुन पाहणाऱ्या पुरोहिताचा वळलेला दंड. पळी गायसची, दंड लुसियसचा. लुसियस इ.स. २ मध्ये मार्सेयला वारला, गायस इ.स. ४ मध्ये लिकियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. वारस म्हणून मिरवलेली दोन्ही मुलं गेली आणि गादी तिबेरियसला मिळाली. माझ्या हातात हे नाणं आलं की ते लवकर खाली ठेववत नाही.

तुमचा ओढा बायबलकडे असेल तर तिबेरियसच घ्या, त्याला पर्याय नाही. नसेल तर मी ऑगस्टस सुचवेन. फक्त पळी आणि दंड दोन्ही चकतीवर पूर्ण उतरलेत का, ते आधी बघा. चेहरा थोडा झिजलेला असला तरी चालेल.