डेटास्टेजचे सर्व्हर जॉब पॅरललमध्ये: टूलने की हाताने?

डेटास्टेज म्हणजे डेटा एका सिस्टिममधून दुसऱ्या सिस्टिममध्ये नेणारं सॉफ्टवेअर. सर्व्हर जॉब ही त्यातली जुनी पद्धत; पॅरलल जॉब डेटाचे भाग पाडून ते अनेक नोडवर, म्हणजे काम चालण्याच्या जागांवर, एकाच वेळी चालवतो. नागपूरच्या मिहानमधल्या टीमसमोर असे शेकडो सर्व्हर जॉब पॅरललमध्ये न्यायचे असतील, तर सगळे हाताने लिहायचा हट्ट धरू नका. कन्व्हर्जन टूल डीएसएक्स एक्स्पोर्ट (डेटास्टेजमधून बाहेर काढलेली जॉबची फाइल) वाचून स्टेज (जॉबमधल्या पायऱ्या), लिंक, कॉलम, पॅरामीटर उतरवतं. हे काम माणसाने केलं की हमखास एखाद्या कॉलमची लांबी चुकते.

टूल अडखळतं ते हॅश्ड फाइलवर, म्हणजे की-वरून (ओळ ओळखणाऱ्या कॉलमवरून) ओळ शोधायच्या फाइलवर. समजा, कळमना बाजारातल्या एका अडत्याचा कोड दोनदा आला: आधी जुना मोबाइल नंबर, मग नवा. हॅश्ड फाइलमध्ये त्याच की-वरची शेवटची ओळ आधीची पुसून टाकते, म्हणून नवा नंबर उरतो. पॅरलल जॉबमध्ये तसं आपोआप होत नाही. की-वर हॅश पार्टिशन (एका की-च्या सगळ्या ओळी एकाच नोडवर पाठवणं), मग स्टेबल सॉर्ट (सारख्या की-च्या ओळींचा मूळ क्रम न बदलणारं सॉर्ट), मग रिमूव्ह डुप्लिकेट्स या स्टेजमध्ये 'लास्ट' ठेवावं लागतं. पार्टिशन विसरलात तर एकच कोड दोन नोडवर जातो आणि दोन्ही ओळी राहतात. जॉब मात्र हिरवा, म्हणजे यशस्वी, दिसतो! म्हणून टूलने बनवलेला जॉब आधी एका नोडवर, मग चार नोडवर चालवा आणि ओळींची संख्या ताडून पाहा.

सर्व्हर जॉबमध्ये बेसिक या भाषेत लिहिलेली रूटीन (पुन्हा पुन्हा वापरायचे छोटे प्रोग्रॅम) भरपूर असतील, तर हातानेच लिहिलेलं बरं. पॅरलल रूटीन सी प्लस प्लसमध्ये लागतं, आणि जुन्या रूटीनमधला अर्धा हिशेब साध्या ट्रान्सफॉर्मरच्या (कॉलमवर हिशेब करणाऱ्या स्टेजच्या) स्टेज व्हेरिएबलमध्ये बसतो. वेळ जास्त जातो, पण पुढे जॉब वाचता येतो.