न्यूट्रॉनचा मारा बसलेलं रक्त: डायसेंट्रिक मोजावं की मायक्रोन्यूक्लियस?

न्यूट्रॉनचा मारा बसलेल्या माणसाला किती डोस लागला, याचा अंदाज रक्तपेशींतल्या गुणसूत्रांच्या नुकसानावरून बांधतात; इथे त्यासाठीच्या दोन चाचण्यांची तुलना. न्यूट्रॉन स्वतः आयनीकरण (अणूतून इलेक्ट्रॉन उडवणं) करत नाही. तो हायड्रोजनच्या केंद्रकाला धडकून प्रोटॉन उडवतो आणि त्या प्रोटॉनच्या आखूड वाटेवर डीएनए दाटीवाटीने तुटतो. इतक्या तुटी जवळजवळ पडल्या की पेशीची जोडणी चुकते. दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून दोन सेंट्रोमियरचं (सेंट्रोमियर म्हणजे गुणसूत्राची आवळलेली कंबर) डायसेंट्रिक बनतं, सोबत एक बिनसेंट्रोमियरचा तुकडा उरतो.

गोव्यातल्या प्रयोगशाळेने एकच चाचणी बसवायची असेल, तर आमचा कौल डायसेंट्रिकला. लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) ४८ तास वाढवायचे, शेवटच्या तीन तासांत पेशीविभाजन मध्येच थांबवणारं कोल्सेमिड, मग १००० मेटाफेज (गुणसूत्रं सुटी दिसतात त्या टप्प्यातल्या पेशी) किंवा १०० डायसेंट्रिक मोजायचे, जे आधी होईल ते. सामान्य माणसात हजार पेशींत साधारण एकच सापडतं, म्हणून थोडा डोसही उठून दिसतो. अणुविखंडनातल्या न्यूट्रॉनचा अर्धा ग्रे (डोसचं एकक) बसला तर शंभर पेशींत सुमारे ४० डायसेंट्रिक. तेवढ्याच गॅमा किरणांना दोन-तीन. हाच नमुना चुकून गॅमाच्या वक्रावर (डोसनुसार डायसेंट्रिक किती, याचा आलेख) वाचला तर डोस अडीच ग्रे निघेल! न्यूट्रॉनचा वक्र सरळ रेषेचा असतो, गॅमाचा वर वळतो. आणखी एक फसगत: काही पेशींत तीन-चार डायसेंट्रिक आणि बाकी कोऱ्या दिसल्या, तर अंगाच्या काही भागालाच मार बसला असं लगेच ठरवू नये. न्यूट्रॉनमध्ये सगळ्या अंगाला मार बसला तरी असंच दिसतं.

मायक्रोन्यूक्लियस म्हणजे पेशी दुभंगताना मागे राहिलेल्या तुकड्यांचं मुख्य केंद्रकाबाहेरचं छोटं केंद्रक. या चाचणीला ७२ तास लागतात. ४४व्या तासाला सायटोकॅलासिन-बी (केंद्रक दुभंगलं तरी पेशी दुभंगू न देणारं रसायन) घालून १००० दुकेंद्रकी पेशी मोजायच्या. मोजणी सोपी, नवखाही लवकर शिकतो. एकदम शंभर माणसं आली तर हीच कामाची. पण मुळातलीच संख्या जास्त, त्यात वय आणि स्त्री-पुरुष यांचाही फरक. शिवाय अनेक तुकडे एकाच मायक्रोन्यूक्लियसमध्ये बांधले गेले की नुकसान कमी मोजलं जातं.

आता इथली हवा. जुलैत स्लाइडवरचा थेंब सावकाश वाळतो, पेशी वाजवीपेक्षा पसरते, शेजारच्या पेशीतली गुणसूत्रं मिसळतात आणि ४६ चा हिशेब जुळत नाही. असा मेटाफेज सोडूनच द्यावा. स्लाइड पाडायच्या खोलीत डीह्युमिडिफायर हवाच. मायक्रोन्यूक्लियसला हा त्रास जवळपास नाही, कारण पेशी अख्खी राहते.

रक्त लिथियम हेपरिनच्या नळीत घ्यावं, ईडीटीएच्या नाही (दोन्ही रक्त गोठू न देणारी द्रव्यं). मडगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईला पाठवायचं असेल तर २० अंशांच्या आसपास ठेवावं. बर्फाला नळी टेकू देऊ नये. थोडं रक्त वेगळ्या नळीत राखावं. न्यूट्रॉनने रक्तातलं सोडियम किरणोत्सारी होतं, त्यावरून डोसचा दुसरा अंदाज मिळतो. पण सोडियम-२४ चं अर्धायुष्य १५ तासांचं, म्हणून हे मोजमाप त्याच दिवशी उरकावं.