सेकंडहँड डाउनहिल सायकल: २०१७ ची ट्रेक सेशन ८, पूर्ण एक सीझन चालवून झाल्यावर

गेल्या वर्षभरात तीन-चार जणांनी विचारलं की अरे ती डबल क्राउनवाली (पुढचं सस्पेन्शन वर दोन जागी पकडलेलं असतं ती, नुसती उतारावर चालवायची) सायकल जुनी घेतलीस ना, कशी निघाली, आम्ही पण बघतोय, घ्यावी का. दरवेळी फोनवर तासभर तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

मी बर्नबीला राहतो, व्हँकुव्हरला लागूनच. पुण्यात असताना वेताळ टेकडीवर हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) फिरवायचो तेवढाच अनुभव होता, इथे आल्यावर व्हिसलरची चटक लागली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हिसलर बाइक पार्क १९९९ पासून चालू आहे, हिवाळ्यात स्कीइंगसाठी असलेल्या लिफ्टला उन्हाळ्यात सायकल अडकवायची, वर जायचं, खाली यायचं, परत लिफ्ट, दिवसभर हेच. दोन सीझन भाड्याची सायकल घेतली, पण भाड्याचे पैसे बघून शेवटी वाटलं की आता स्वतःची हवी. नवीन डाउनहिल सायकल माझ्या बजेटमध्ये बसतच नव्हती, म्हणून जुनी.

निकाल आधीच सांगतो. सायकल एक नंबर आहे, परत घ्यायची वेळ आली तरी हीच घेईन. पण घरी आणली त्या दिवशी ती मला अजिबात आवडली नव्हती, कारण ती आधीच्या मालकाच्या वजनाला लावलेली होती, आणि डाउनहिल सायकल जोपर्यंत तुमच्या वजनाला लागत नाही तोपर्यंत ती चांगली की वाईट हे कळूच शकत नाही. बरेच लोक इथेच गंडतात, दोन राइड करतात, म्हणतात मजा नाही, आणि विकून मोकळे होतात.

आता २०१७ चीच का? २७.५ इंची चाकं म्हणून. त्याच वर्षी वर्ल्ड कपमध्ये २९ इंची डाउनहिल सायकली उतरल्या, पुढे २०१९ ला पुढे मोठं मागे छोटं चाक लावायलाही परवानगी मिळाली, त्यामुळे सगळ्यांना २९ किंवा मिक्स पाहिजे आणि २७.५ वाल्यांचे भाव पडले. आपल्याला रेस करायची नाहीये, टायर आणि पार्ट अजून मिळतात, मग आपला फायदाच. २६ इंचीच्या मात्र वाट्याला जाऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी, चांगला डाउनहिल टायर आणि फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) शोधताना दमछाक होते. आणि सेशन हे नाव नुसतं नाव नाहीये, ब्रिटिश रेसर रेचल अॅथर्टनने २०१६ मध्ये डाउनहिल वर्ल्ड कपच्या सातही फेऱ्या सेशनवरच जिंकल्या होत्या, तिची कार्बनची होती, माझी ८ नंबरची अॅल्युमिनियमची. जुनी घेताना मला अॅल्युमिनियमच हवी होती कारण क्रॅक गेला असेल तर डोळ्याला दिसतो, कार्बनमध्ये आत काय झालंय ते बाहेरून कळेलच असं नाही.

घ्यायची वेळ पण महत्त्वाची बरं का. पार्क साधारण मेच्या मध्यावर उघडतं आणि ऑक्टोबरमध्ये बंद होतं. एप्रिलमध्ये जो माणूस भावातून एक डॉलर सोडत नाही तोच नोव्हेंबरमध्ये गॅरेजमधली जागा मोकळी करायची म्हणून ऐकतो. मी नोव्हेंबरमध्ये घेतली, मागत होता १९०० कॅनडियन डॉलर, १५५० ला सौदा ठरला.

भेटायचं ठरवण्याआधी त्याच्याकडून सिरीयल नंबरचा फोटो मागवला, तो पेडलच्या खाली बॉटम ब्रॅकेटवर कोरलेला असतो. इथे सायकलचोरी भयंकर आहे, प्रोजेक्ट ५२९ नावाची नोंदणी आहे जी व्हँकुव्हर पोलिसांनी २०१५ पासून वापरायला घेतली, तिथे नंबर टाकून बघायचा की चोरीची म्हणून नोंद आहे का. जो फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे जायचंच नाही, सरळ पुढचा बघायचा.

बघायला गेलो तेव्हा खिशात टॉर्च, फडकं आणि एलन-कीचा सेट. सायकल चिखलात माखलेली होती, त्याला म्हटलं आधी पुसू दे. फडक्याने हेड ट्यूबच्या मागचं वेल्डिंग, डाउन ट्यूबची खालची बाजू आणि मागच्या आर्मचे सांधे पुसून टॉर्च आडवा धरून बघितला, आडवाच धरायचा, समोरून उजेड मारला तर बारीक रेघ दिसत नाही. ओरखडे भरपूर होते, क्रॅक नव्हता. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवली आणि एक बोट फोर्कच्या सीलपाशी, जिथे चकचकीत नळी खालच्या पायात जाते तिथे ठेवलं. तिथे कटकट जाणवली तर बुशिंग (नळी ज्यात घसरते ते आतलं कडं) गेलं समजा आणि ते काम खर्चिक आहे, वर हेडसेटला (हँडलखालच्या बेअरिंगला) जाणवली तर किरकोळ आहे. माझ्यात थोडीशी होती आणि ती हेडसेटला होती. त्याच नळ्यांवरून नख फिरवलं, डाव्या नळीवर अगदी वर एक खरचटा, नखाला जेमतेम लागेल एवढा, तो चालतो कारण तिथपर्यंत सील जवळजवळ कधी जातच नाही. शेवटी सीट धरून मागची बाजू हळूच उचलली. चाक जमिनीवरून सुटायच्या आधी टक् असा आवाज आला तर शॉकचं (मागच्या सस्पेन्शनचं) बुशिंग किंवा पिव्होट (मागच्या आर्मचा सांधा) ढिला. आला आवाज. तिथेच २०० डॉलर उतरवले, बाकीचे गप्पांत उतरले.

एका गोष्टीचा मात्र मला अजून राग आहे. विकणारा शपथेवर सांगत होता की फोर्क मागच्याच महिन्यात सर्व्हिस केलाय. घरी येऊन उघडला तर खालच्या पायांतून जे निघालं ते तेल म्हणायच्या लायकीचं नव्हतं, भांडी विसळलेल्या पाण्यासारखं राखाडी, आणि तेही एका पायात जेमतेम चमचाभर. आत जे फोमचे रिंग असतात ते कोरडे ठणठणीत. ५० तास चालवल्यावर खालचे पाय काढून तेल बदलायचं असं फोर्क बनवणारे रॉकशॉक्सवाले स्वतःच लिहून देतात, इथे निदान दोन सीझन कोणी हात लावलेला नव्हता. त्याने खरं सांगितलं असतं तरी मी सायकल घेतलीच असती हो, मग कशाला खोटं बोलायचं? तेव्हा समोरचा काहीही म्हणो, पावती दाखवली नाही तर सर्व्हिस झालेली नाही असं धरूनच भाव करा.

हे काम घरी होतं, घाबरू नका. माझा फोर्क बॉक्सर मॉडेलचा, त्याचे वरचे क्राउन काढावे लागत नाहीत, खालचे दोन बोल्ट थोडे ढिले करायचे, प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच ठोकायचे, पाय खाली ओढून घ्यायचे, सगळं पुसून नवीन सील, भिजवलेले फोम, मापून तेल, परत बसवायचं. मला पहिल्यांदा तीन तास लागले. त्यानंतर फोर्क हाताने दाबून बघितला तेव्हा फरक इतका होता की बायकोला बोलावून दाबायला लावला, ती म्हणाली आधी हा दरवाजासारखा करकरत होता ना?

बेअरिंगचं काम जास्त चिकट होतं. शॉक काढून मागची आर्म नुसत्या हाताने वरखाली केली, ती अलगद स्वतःच्या वजनाने खाली यायला पाहिजे, माझी मध्येच अडकत होती आणि मेन पिव्होटच्या बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवलं तर आत रवा भरल्यासारखं खरखर. प्रेशर वॉशरने धुवायची सवय असणार आधीच्याला, पाणी सील ओलांडून आत जातं आणि ग्रीस धुऊन निघतं. जुनी बेअरिंग ठोकून काढली, नवीन बसवायला मात्र ठोकाठोकी करायची नाही, हार्डवेअरच्या दुकानातून आट्यांचा लांब रॉड, दोन नट आणि वॉशर आणले, पान्याच्या सेटमधला बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याएवढा सॉकेट लावला आणि नट आवळत आवळत सरळ आत ढकलली. आतल्या कड्यावर दाब आला तर नवीन बेअरिंग तिथेच मेली. हे झाल्यावर तो टक् आवाज गेला तो गेलाच.

आता खरा मुद्दा, स्प्रिंग. मागच्या शॉकच्या कॉइलवर (स्प्रिंगवर) छापलेलं होतं ४५० बाय ३.००, म्हणजे एक इंच दाबायला ४५० पाउंड लागतात आणि तीन इंचाच्या स्ट्रोकला ती चालते. विकणारा चांगला शंभर किलोचा गडी. मी ६८, हेल्मेट, पॅड, बूट, पाण्याची पिशवी धरून ७५. सॅग, म्हणजे नुसत्या अंगाच्या वजनाने शॉक किती दबतो, तो मोजला. त्यासाठी काय करायचं, सगळं अंगावर चढवून सायकलवर पेडलवर उभं राहायचं, भिंतीला कोपर टेकवायचं आणि दुसऱ्याने शॉकच्या एका बोल्टच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अंतर मोजायचं, रिकाम्या सायकलच्या मापातून ते वजा करायचं. माझं आलं १७ मिलीमीटर. शॉकचा स्ट्रोक ७६, म्हणजे २२ टक्के. डाउनहिलला मागे ३० च्या आसपास पाहिजे. म्हणूनच ती पहिल्या दिवशी लाकडाच्या पाटावर बसून उतरल्यासारखी वाटत होती, मागचं चाक खड्ड्यात जातच नव्हतं, खड्ड्यावरून उडत होतं.

हिशोब अगदी सोपा आहे, सॅग आणि स्प्रिंग उलट्या प्रमाणात. १७ गुणिले ४५० भागिले ३५० केलं की जवळपास २२ येतात, ७६ चे २९ टक्के. म्हणून ३५० ची स्प्रिंग. ती पण जुनीच घेतली, ४० डॉलरला. यात एकदा फसलो, एका दुकानातून आधी जी स्प्रिंग आणली तिच्यावर आकडे बरोबर होते पण आतला व्यास वेगळा, शॉकच्या अंगावर सैल बसून खडखड वाजायला लागली. तेव्हा तीन गोष्टी बघा, रेट, स्ट्रोक आणि आतला व्यास. आणि स्प्रिंग मऊ पडतेय म्हणून प्रीलोडची रिंग (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी) पाच-सहा फेऱ्या आवळत बसू नका, एक-दोन फेऱ्यांत जमत नसेल तर स्प्रिंगच चुकीची आहे.

पुढच्या फोर्कमध्ये हवा आहे त्यामुळे शॉक पंपाने काम भागतं, २०० मिलीमीटर ट्रॅव्हलमध्ये (फोर्क एकूण जेवढा दबतो त्यात) मी ४५ च्या आसपास सॅग ठेवलाय. रिबाउंडसाठी (दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो त्यासाठी) खालचा लाल नॉब पूर्ण बंद केला, मग किती क्लिक उघडतोय ते मोजून फोनमध्ये लिहून ठेवलं. हे लिहिणं फार कामाचं, नाहीतर एका दिवसात दहा वेळा फिरवून संध्याकाळी कळतच नाही सकाळी कुठे होतो. डबल क्राउनच्या बोल्टना टॉर्क रेंच (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना) वापराच, अंदाजे आवळायची ती जागा नाही, आणि फोर्कमधली हवा सोडून पूर्ण दाबून एकदा बघा की टायर क्राउनला घासत तर नाही.

बाकी किरकोळ. दोन्ही ब्रेकचे पॅड बदलले, डिस्कची जाडी मोजली तर १.७ मिलीमीटर निघाली (शिमानोच्या नवीन १.८ असतात, १.५ झाल्या की फेकायच्या), म्हणजे अजून आयुष्य आहे. टायर पुढेमागे मॅक्सिसचे, डाउनहिल केसिंगचेच (जाड अंगाचे). पातळ केसिंग घेऊन पैसे वाचवायला जाऊ नका, व्हिसलरच्या दगडांवर पहिल्या दिवशी कापले जातात. पुढे २४ पीएसआय, मागे २७. हँडल मात्र तसंच ठेवलंय.

खर्च सांगतो कारण हाच प्रश्न येतो. स्प्रिंग ४०, बेअरिंग ८५, फोर्कचे सील आणि तेल ६५, पॅड ५५, टायर २१०, चेन ३५. म्हणजे ४९० वर गेले आणि सायकल एकूण २०४० ला पडली. मजुरी शून्य कारण सगळं घरी केलं, दुकानात दिलं असतं तर हाच आकडा बराच वर गेला असता. जुनी बघताना किमान पाचशे डॉलर बाजूला ठेवूनच बोलणी करा.

चालवायला कशी? साधारण १७ किलो वजन आहे, चढावर पेडल मारायच्या भानगडीत पडू नका, नॉर्थ व्हँकुव्हरच्या फ्रॉम डोंगरासारख्या ठिकाणी जिथे आपल्या पायाने वर जायचंय तिथे हिचा उपयोग नाही. लिफ्ट किंवा जीप पाहिजे. पण उतारावर, अहाहा. मेमध्ये पहिल्या दिवशी पार्कातले ट्रेल एकेक करत गेलो, ईझी डझ इट, मग बी-लाइन, मग क्रँक इट अप, आणि दुपारी धीर करून ए-लाइन. भाड्याच्या सायकलवर ए-लाइनच्या ब्रेकिंग बंपवर (सगळ्यांनी ब्रेक मारून पडलेल्या उंचवट्यांवर) हात इतके भरून यायचे की मध्ये थांबून बोटं मोकळी करावी लागायची. या सायकलवर सलग खाली आलो, हातात ब्रेक आहे याची जाणीव होती आणि बोटं दुखत नव्हती. उडीवरून उतरताना मागची बाजू लाथ मारत नाही, बसते आणि शांत परत येते. हळू चालवलं तर मात्र जड आणि आळशी वाटते, वळणावर ढकलावी लागते, हिला वेग पाहिजे.

नवशिक्यांनी लगेच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी पाच-सहा दिवस भाड्याची चालवा, रेंटलवाल्याला तुमचं वजन सांगून सॅग लावून घ्या, म्हणजे बरोबर लागलेली सायकल कशी वाटते ते अंगाला माहीत असेल आणि जुनी बघताना त्याच्याशी ताडून बघता येईल. आणि ज्याला हाताने काम करायचा कंटाळा आहे त्याने भाड्याचीच चालवावी, कारण फोर्कचं तेल मी सीझनमध्ये अजून दोनदा बदललं.

ऑगस्टमध्ये फोर्कवरची, तो किती दबला ते दाखवणारी रबरी रिंग बघितली तर सगळ्यात मोठ्या उडीनंतरही १५ मिलीमीटर ट्रॅव्हल शिल्लक राहत होता, म्हणून आतला एक टोकन (हवेची जागा कमी करून फोर्क शेवटी कडक करणारा तुकडा) काढला, आता ५ उरतात. मागच्या ब्रेकचा लिव्हर थोडा मऊ वाटायला लागलाय, तो या शनिवारी ब्लीड करायला (तेलातली हवा काढायला) घेतलाय. कोणी बर्नबी-सरेकडे असेल आणि सायकल बघायला जायचं असेल तर सांगा, टॉर्च आणि फडकं घेऊन येतो.