परसबाग प्लॅनिंग सर्व्हिस : नकाशा घ्या, रोपं दुसरीकडून आणा

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी. नागपुरात नवीन प्लॉटवर घर बांधलं असेल आणि मागेपुढे जागा सुटली असेल तर या लोकांची साइट व्हिजिट आणि नकाशा बिनधास्त घ्या, पण यांच्या नर्सरीतली रोपं आणि ठिबकचं सामान अजिबात घेऊ नका. नाव इथे लिहीत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत आणि मला कोणाशी भांडायचं नाही.

आमचा प्लॉट बेसाच्या पुढे, ५० बाय ८०, घर पूर्वमुखी, म्हणजे मागची ५० बाय २२ ची जागा पश्चिमेला. नागपूरचं पश्चिमेचं ऊन काय असते ते मे महिन्यात दुपारी चारला गच्चीवरचे कपडे काढायला गेलेल्यालाच माहीत. घरात प्रत्येकाची यादी वेगळी, सासऱ्यांना संत्रा पाहिजे, सासूबाईंना गोडलिंब (कढीपत्ता) आणि पूजेची फुलं, नवऱ्याला लॉन (कारण त्याच्या मित्राकडे आहे), आणि मला रोजची भाजी आणि चार कोंबड्या. सर्व्हिसची फी २५०० रुपये, त्यात व्हिजिट, माती बघणे आणि स्केलमधला नकाशा. नेहमीप्रमाणे येतील, दहा शोभेच्या झाडांची नावं लिहून देतील आणि बिल देतील असंच आम्ही धरून चाललो होतो.

आलेला मुलगा कृषी पदवीधर, आणि त्याने कितीतरी वेळ एकाही झाडाचं नाव काढलं नाही. टेप घेऊन शेजारच्या भिंतीपासून मोजमाप करत बसला. आमच्या दक्षिणेला शेजाऱ्यांचं घर आहे, साधारण २० फूट उंच. तो म्हणाला की डिसेंबरात नागपुरात भर दुपारीसुद्धा सूर्य ४५ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे भिंत जेवढी उंच तेवढी लांब सावली, मधली पाच फूट मोकळी जागा वजा करा, तरी तुमच्या आवारात १५ फूट आत सावली येणार, आणि तेच २६ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो तेव्हा दुपारी त्या भिंतीची सावली जवळपास शून्य. हे ऐकायला भूगोलाच्या तासासारखं वाटतं, पण आपल्याकडे भाजीचा खरा सीझन कोणता, हिवाळाच ना, वांगी, भेदरं (टमाटे), पालक, सांबार (कोथिंबीर), कोबी सगळं तेव्हाच, आणि आम्ही वाफे नेमके त्या दक्षिणेच्या भिंतीलगत करणार होतो कारण तिथे नळ आहे. त्याने वाफे उचलून उत्तरेच्या टोकाला नेले आणि दक्षिणेच्या पट्ट्यात हळद, अद्रक, अळू टाकलं, ते पावसाळ्यात वाढतात, तेव्हा सूर्य वरच असतो, आणि थंडीत सावली आली तोवर हळदीचं काम झालेलं असतं. एवढ्या एका गोष्टीतच माझे २५०० वसूल.

पश्चिमेच्या कंपाउंडला त्याने शेवगा आणि सीताफळ दिलं, म्हणजे चारच्या उन्हाची धार जरा बोथट होईल, आणि उन्हाळ्यात वाफ्यांवर ५० टक्क्यांची ग्रीन नेट. आंबा नको म्हणाला, जागा खाऊन टाकेल. वड-पिंपळ-उंबर तर विषयच नाही.

मग माती. बिल्डरने वरून मुरूम टाकून सपाट करून दिलेलं असते ते सगळ्यांना माहीत आहे, आमच्याकडे वरचा वीतभर मुरूम, त्यात विटांचे तुकडे आणि वाळलेलं सिमेंट, आणि खाली भारी काळी माती. त्याने दीड फुटाचा खड्डा खणायला लावला, पाण्याने भरला, जिरू दिला, परत भरला आणि म्हणाला उद्या सकाळी फोटो पाठवा. सकाळी निम्मा खड्डा पाण्याने भरलेलाच. यावरून संत्र्याचा वाद पेटला. सासरे काटोलकडचे, त्यांचं रक्त तापलं, "मले काय शिकवतं बे पोरा, आमच्या वावरात तीनशे झाडं होती." तो शांतपणे म्हणे, "होती ना काकाजी, पण तुमच्या वावराला उतार होता का नाही?" सासरे गप्प, कारण उतार होता, खाली नाला होता, तो त्यांनीच आम्हाला शंभरदा सांगितलेला. संत्र्याला ओल चालते, साचलेलं पाणी चालत नाही, मुळं सडतात, बुडाशी साल फाटून डिंक गळायला लागतो आणि झाड शेंड्याकडून वाळत येतं. शिवाय संत्र्याला झाडापासून झाडापर्यंत सहा मीटर लागतात, म्हणजे आमच्याकडे एकाचीच सोय. शेवटी तडजोड अशी झाली की एकच संत्रा, तोही दीड फूट उंच मातीचा ओटा करून त्याच्यावर, आणि पाणी खोडाला न लागता बाहेरच्या आळ्यात. बाकी कागदी लिंबू आणि जांब (पेरू).

जाता जाता बाटलीतून पातळ ॲसिडचे थेंब मातीवर टाकले, फसफसलं तर चुनखडी आहे. थोडंसंच फसफसलं. चुनखडी १० टक्क्यांच्या वर गेली तर झाडाला लोह उचलता येत नाही, पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, मग कितीही खत टाका. तो म्हणाला हा नुसता अंदाज आहे, आकडा पाहिजे तर माती परीक्षण करा, आणि नमुना कसा काढायचा ते दाखवलं, वरचा कचरा बाजूला, इंग्रजी व्हीसारखा खड्डा, कडेची माती वरून खालपर्यंत खरवडायची, चार-पाच ठिकाणची एकत्र करून अर्धा किलो न्यायची. आमचा सामू (pH) ८.१ आला, काळ्या मातीत हे चालायचंच.

आणखी एक, घराच्या भिंतीला लागून एकही वाफा नाही, चार-पाच फूट सोडून. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, पायव्याशी रोज पाणी सोडलं तर पुढे फरशी आणि भिंत दोन्ही बोलायला लागतात. हे आम्हाला आर्किटेक्टनेसुद्धा सांगितलं नव्हतं.

पाण्याचं त्याने थोडक्यात आटोपलं पण कामाचं होतं. १००० चौरस फुटांचा स्लॅब आणि वर्षाला १००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस म्हणजे ९० हजार लिटरच्या वर पाणी छतावर पडतं, ते पाइपने गाळणीतून बोअरजवळच्या खड्ड्यात जिरवा. किचनच्या सिंकचं पाणी केळी-पपईला. आणि कूलरचं उरलेलं पाणी कुंड्यांत ओतू नका. हे मी पहिल्यांदा ऐकलं, पण खरं आहे, पाणी उडून जातं आणि क्षार सगळे खाली टाकीत राहतात, तेच आपण तुळशीला पाजतो आणि मग म्हणतो पानं काहून करपली.

लॉनचा हिशोब त्याने नवऱ्यासमोरच केला. ४०० चौरस फूट लॉन, मे महिन्यात रोज अडीच-तीनशे लिटर पाणी. नवरा मोबाइल बघायला लागला.

कोंबड्यांचं मात्र त्याला काही कळत नाही. नकाशात खुराडं पश्चिमेच्या भिंतीला चिकटवलं, म्हणजे ४५ डिग्रीत कोंबड्या भाजून निघतील. मी ते उत्तरेच्या पॅसेजच्या तोंडाशी आणलं, घराच्या सावलीत, खालून जाळी पुरून, कारण या भागात मुंगूस फिरतात.

आता तक्रारी. व्हिजिट संपली की तुमचा संबंध त्या मुलाशी राहत नाही, ऑफिसशी येतो, आणि ऑफिसला आपल्याच माणसाने काय लिहिलंय ते माहीत नसते. नकाशावर लॉन नाही, तरी लॉनचं कोटेशन आलं. नकाशावर लिहिलंय की आहे त्याच मातीत मुरूम-मलबा काढून शेणखत आणि पालापाचोळा मिसळा, तरी दोन ट्रॉली लाल मातीचा भाव आला. रोपांचं पॅकेज घेतलं तर फी वळती होते म्हणून नवऱ्याने परस्पर हो म्हटलं, आणि गाडी आली कधी तर नवतप्यात, मेअखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत! त्यांच्याच कागदावर स्वच्छ अक्षरात आहे की खड्डे मेमध्ये खणून तापू द्या, लागवड मृगाचा पाऊस नीट जमल्यावर. फोन केला तर म्हणे गाडी तिकडूनच जात होती ना मॅडम. रोपं महिनाभर ओल्या पोत्यांच्या आडोशाला ठेवली, निम्मी गेली.

संत्र्याचं कलम तर बघण्यासारखं होतं, डोळा पिशवीतल्या मातीपासून चार बोटांवर भरलेला, तो नऊ इंच तरी वर पाहिजे नाहीतर पावसाचं पाणी आणि माती उडून तिथेच रोग लागतो. खुंट, म्हणजे ज्या खालच्या झाडावर संत्र्याचा डोळा भरतात ते, कोणता, जंबेरी की रंगपूर लिंबू, विचारलं तर समोरून "संत्र्याचाच आहे". पिशवी फाडली तर मुळं तळाशी गोल गोल फिरलेली. ठिबकच्या किटमध्ये फिल्टरच नाही, शिवाय आमचं बोअरचं पाणी जड, त्याच्या क्षारांनी दिवाळीपर्यंत ड्रिपरची तोंडं पांढरी होऊन बंद. पैसे परत मागितले तर "पुढच्या ऑर्डरमध्ये ॲडजस्ट करू".

संत्रा आणि लिंबू मग आम्ही अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतून आणले. तिथे रोगमुक्त कलमं मिळतात, फक्त विक्री चालू आहे का ते आधी विचारून जा. गोडलिंब, शेवगा, जांब कोणत्याही बऱ्या नर्सरीतून चालते, कलम घेताना पिशवी उलटी करून मुळं बघा, दुकानदार चिडला तर चिडू द्या. बरबटी, ढेमसं, दोडकं, अंबाडी यांचं बी सासूबाईंनी गावाकडून मागवलं, तेच सगळ्यात जोरात आलं.

मार्क द्यायचे तर व्हिजिट आणि नकाशाला ५ पैकी साडेचार, अर्धा कोंबड्यांचा कापला. रोपांना दीड. ठिबकला शून्य द्यायला पाहिजे पण पाइप तेवढा बरा निघाला, तो आता कार धुवायला आहे.

बुकिंग जानेवारी-फेब्रुवारीत करा, म्हणजे हिवाळ्याची सावली प्रत्यक्ष जमिनीवर दिसते आणि खड्ड्यांना मेपर्यंत वेळ मिळतो. जमलं तर बांधकाम चालू असतानाच बोलवा, मुरमाची गाडी यायच्या आधी, मागच्या जागेत मलबा टाकू नका हे ठेकेदाराला तेव्हाच सांगता येते. आणि कोणता मुलगा येणार ते फोनवर विचारून घ्या, टेप आणि ॲसिडची बाटलीवालाच पाठवा म्हणा, कारण शेजारच्या लेआउटमध्ये त्यांचा दुसरा माणूस गेला होता, त्याने दहा मिनिटांत पाम लावा सांगितलं आणि निघाला.