रोबोकॉपी: दिसायला रुक्ष, कामाला चोख

अमळनेरात आमचं पाणबुडी मोटारी, पाइप आणि स्टार्टरचं दुकान. काउंटरच्या कॉम्प्युटरवर टॅली, रेटलिस्टच्या एक्सेल फायली आणि वॉरंटी कार्डांचे स्कॅन. मोटार जळली की शेतकरी ती ट्रॉलीत टाकून थेट दुकानात आणतो. त्याचं बिल कधीच हरवलेलं असतं, त्यामुळे आमच्याकडची प्रत हीच त्याची वॉरंटी. शिवाय जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे, ते वेगळंच. बॅकअपची सॉफ्टवेअरं घेऊन येणारे एजंट दर सीझनला येतात, वर्षाचं भाडं सांगतात. मी चहा पाजतो आणि परत पाठवतो, कारण फायलींची प्रत दुसरीकडे नेऊन ठेवणारा विंडोजमधला रोबोकॉपी हा कमांड मला पुरतो.

व्हिस्टापासून तो विंडोजसोबतच येतो. वेगळा उतरवून घ्यायचा नाही, लायसन्स नाही. पण बटणं, खिडक्या, हिरव्या पट्ट्या असलं काही नाही. नोटपॅडमध्ये एक ओळ लिहायची: कुठून, कुठे आणि पुढे स्विच, म्हणजे काम कसं करायचं ते सांगणारी अक्षरं. ती बॅट फाइल म्हणून, म्हणजे उघडली की आतली कमांड चालवणारी फाइल म्हणून सेव्ह करायची आणि ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरला रात्रीची वेळ द्यायची. पहिली खेप लांबते. दोन कॉम्प्युटर जोडणारा नेटवर्कचा डबा जुना, १०० एमबीपीएसचा असेल तर सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जात नाही. पुढच्या खेपांना तो फक्त नव्या आणि बदललेल्या फायली उचलतो, तेव्हा शटर ओढून कुलूप लावेपर्यंत काम होतं. टॅली मात्र आधी बंद करा. उघड्या टॅलीच्या डेटाची कॉपी भरवशाची नसते.

आता दिशा. बहुतेक जण काउंटरवरून माल मागच्या कॉम्प्युटरवर ढकलतात. मी उलट केलंय. गोडाऊनमधला कॉम्प्युटर काउंटरवरून ओढून घेतो. काउंटरवरचा फोल्डर शेअर आहे, तोही फक्त वाचण्यापुरता, आणि गोडाऊनमधला बॅकअपचा फोल्डर शेअरच नाही. काउंटरवर दिवसभर कोणाकोणाचे पेनड्राइव्ह लागतात, व्हॉट्सअ‍ॅपवरून काय काय उघडलं जातं. तिथे फायली कुलूपबंद करणारा व्हायरस शिरला, तर ढकलण्याच्या पद्धतीत त्याला बॅकअपचा रस्ता आयता मिळतो. ओढण्याच्या पद्धतीत तो रस्ता नसतो.

तरी एक फट राहते. बिघडलेल्या फायलीही रात्री इमानदारीने ओढल्या जातील आणि चांगल्यावर बसतील. म्हणून सोमवार ते रविवार असे सात फोल्डर आणि टास्कही सात. गडबड लक्षात यायला हाताशी आठवडा असतो. गेल्या मे महिन्यात काउंटरची हार्ड डिस्क बसली, तेव्हा आदल्या रात्रीच्या फोल्डरवरून नव्या डिस्कवर सगळं परत आलं. त्याच दुपारी जळालेली मोटार घेऊन एक आजोबा येऊन बसलेले. "भाऊ, बिल सापडनं का?" स्कॅन उघडला, मोटारीचा नंबर जुळवला, मोटार कंपनीला गेली.

आता तक्रारी, आणि त्या खऱ्या आहेत. फाइल उघडता आली नाही तर रोबोकॉपी किती वेळा प्रयत्न करतो? कारखान्यातून ठरलेला आकडा दहा लाख, दर वेळी ३० सेकंद थांबून. म्हणजे एका अडकलेल्या फाइलपायी अकरा महिन्यांहून जास्त. हे कुणी ठरवलं देव जाणे. आर आणि डब्ल्यू हे स्विच लावून दोन प्रयत्न, पाच सेकंद असं करून घ्या. दुसरं, काम नीट झालं तरी टास्क शेड्युलरमध्ये निकाल १ दिसतो आणि नवा माणूस घाबरतो. १ म्हणजे फायली कॉपी झाल्या, ० म्हणजे कॉपी करण्याजोगं काही नव्हतं. ८ किंवा त्यावरचा आकडा दिसला तरच काळजी. तिसरं, एमआयआर हा स्विच. मूळ जागी जे नाही ते तो बॅकअपमधूनही पुसतो, विचारत नाही. कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली तर कामाचा डेटाच साफ. आधी एल लावून पाहा, तो नुसती यादी दाखवतो, हात काही लावत नाही.

शेअरचा पत्ता दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण लिहा. त्या शेअरला झेड ड्राइव्ह असं अक्षर देऊन ठेवलं असेल तर टास्क शेड्युलरला तो बरेचदा सापडत नाही. गोडाऊनच्या कॉम्प्युटरचं स्लीप बंद ठेवा आणि त्याला यूपीएस द्या. लाइट जाण्याचं आपल्याकडे काही वेळापत्रक नाही. आमचं गोडाऊन पत्र्याचं, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणून तो कॉम्प्युटर भिंतीलगत खाली ठेवलाय आणि पंखा त्याच्याकडे वळवलाय.

१९४५ मध्ये ज्या अमळनेरात वनस्पती तुपाच्या धंद्यातून विप्रो सुरू झाली, तिथे आज दुकानदाराला कॉम्प्युटरवाला बोलावला की "येतो दादा" म्हणत आठवडा काढतो. ओळी स्वतः लिहिता आल्या, हा मला यातला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. पाचपैकी चार. एक कापला तो त्या दहा लाखांसाठी. आणि दोन्ही कॉम्प्युटर एकाच मीटरवर, एकाच छताखाली आहेत, त्यामुळे शनिवारी एक पोर्टेबल डिस्क घरी जाते. तेवढं काम रोबोकॉपीच्या हातातलं नाही.